पेंडलटनच्या रोडिओत ८ सेकंद टिकूनही स्वार बाद का ठरतो?
अनेकदा पहिल्याच उडीत चूक होते. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पेंडलटन गावात १९१० पासून राउंड-अप नावाचा रोडिओ, म्हणजे उसळत्या जनावरांवर स्वारी करण्यासारख्या स्पर्धांचा मेळा, भरतो. तिथे खोगीर घातलेल्या उसळत्या घोड्याचे पुढचे पाय फाटकाबाहेर पहिल्यांदा जमिनीला टेकतात, त्या क्षणी स्वाराचे दोन्ही पाय घोड्याच्या खांद्यांच्या वर असायला हवेत. नसले, तर पुढची सगळी स्वारी फुकट. मोकळा हात घोड्याला, स्वतःला किंवा खोगिराला लागला तरी बाद. लगाम म्हणजे एकच जाड, विणलेला दोर. आखूड धरला तर घोडा मान खाली घालताच स्वार पुढे खेचला जातो, लांब धरला तर आधारच उरत नाही. माझ्या मते खरं कसब याच मापात आहे. १०० पैकी निम्मे गुण घोड्याच्या उसळीचे. घोडा मंद निघाला, तर परीक्षक दुसरी स्वारी देऊ शकतात.