‘कार्यवाही’ वाचली आणि आई घाबरली

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर आम्ही शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी अर्ज केला. काही दिवसांनी आईच्या नावे नोटीस आली : ‘उपरोक्त फेरफार नोंदीबाबत हरकत असल्यास सदर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावे. मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ चौथी शिकलेली माझी आई इतकी घाबरली की मी गावी पोहोचेपर्यंत दोन रात्री झोपली नव्हती. सरकारी मराठी साधी करता येणार नाही का? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या आईंनी ‘कार्यवाही’ या शब्दाच्या जागी ‘कारवाई’ वाचले असणार, आणि त्यात त्यांची काहीही चूक नाही. अर्जावर होते ती कार्यवाही, म्हणजे कामाची पुढची पायरी; दोषी माणसावर होते ती कारवाई. हा भेद कचेरीत पाळला जातो, तोही नेहमी नाही; गावात मात्र कानावर पडते ती कारवाईच. ‘हरकत’ या शब्दाचेही तसेच आहे. पाहुणा उशिरा आला तर आपण ‘काही हरकत नाही’ म्हणतो, गाण्याच्या मैफलीत गायकाने घेतलेल्या सुंदर हरकतीला दाद देतो, आणि चावडीत मात्र हरकत म्हणजे नोंदीविरुद्ध लेखी आक्षेप. शब्द तोच असला तरी तो कोण, कोणाला आणि कशासाठी म्हणतो आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद झाली की तिची प्रत चावडीत लावावी लागते आणि हितसंबंध असलेल्यांना लेखी कळवावे लागते. म्हणजे या मजकुराला दोन वाचक आहेत : एक आपल्या आई, आणि दुसरा उद्या वाद झालाच तर हा कागद तपासणारा अधिकारी. ‘फेरफार’, ‘वारस’, ‘हरकत’ हे शब्द त्या दुसऱ्या वाचकासाठी जसेच्या तसे राहायला हवेत, कारण त्यांना कायद्यात नेमका अर्थ आहे आणि ते बदलले तर घोटाळा होईल. ‘करण्यात येईल’ या रचनेतही कर्ता मुद्दाम मागे ठेवलेला असतो, कारण काम व्यक्तीने नव्हे तर कार्यालयाने केले असे धरले जाते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर मराठीत कारभार चालवायचा तर असे निश्चित शब्द आणि साचे लागणारच होते, आणि ते घडवणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे.

पण पहिल्या वाचकाचे काय? त्यांना एवढेच हवे होते : काय झाले आहे आणि मला काय करायचे आहे. नोटीस नेमके तेच सांगत नाही. माझ्या मते दोष कठीण शब्दांचा कमी, आणि घरातल्या माणसाकडे पाठ करून फाइलीकडे तोंड केल्याचा अधिक आहे. त्याच मजकुराच्या वर ही चार वाक्ये छापली असती तर कायद्याचे काहीच बिघडले नसते :

‘आपल्या पतींच्या जमिनीवर वारस म्हणून आपले व आपल्या मुलांचे नाव लावण्याची नोंद केली आहे. ती चुकीची वाटत असेल तर १५ दिवसांत लेखी कळवा. बरोबर असेल तर आपल्याला काहीही करायचे नाही. तपासणीनंतर नोंद मंजूर होईल.’

कोतवाल दवंडी द्यायचा तेव्हा तो हेच करत असे; हुकूम कचेरीचा असला तरी सांगणे गावाच्या बोलीत असे.

आईंना आज सांगा की त्यांच्यावर काहीही आलेले नाही. नोटिशीत सर्व वारसांची नावे बरोबर आहेत ना, तेवढे एकदा पाहा, आणि नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.