जर्मनीत एक दिवस मोकळा आहे. किल्ले-राजवाडे सोडून इतिहास बघायला मिळेल असं एखादं छोटं गाव सुचवाल का?

म्योडलारॉइट. होफ शहराच्या जवळ आहे, पण बसच्या भरवशावर जाऊ नका, गाडी घ्या.

वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. गावाच्या मधून टानबाख वाहतो. नकाशात त्याला ओढा म्हटलंय, मी तो बूट न काढता एका ढांगेत ओलांडला. पण 1810 साली हाच ओढा हद्द ठरला: एका काठाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या काठाला रॉइसचं चिमुकलं संस्थान. तेव्हाचे हद्दीचे दगड अजून दिसतात. एका बाजूला ‘के बी’, दुसऱ्या बाजूला ‘एफ आर’, म्हणजे दोन्ही राज्यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं. गवतात लपलेले असतात, वाकून शोधावे लागतात.

त्या हद्दीचं गावाला फारसं काही वाटत नव्हतं. शाळा आणि गुत्ता थुरिंजियाच्या, म्हणजे आधीच्या रॉइसच्या काठाला, चर्चसाठी मात्र बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचं. घोळ झाला तो महायुद्धानंतर. 1949 मध्ये दोन जर्मनी झाल्या आणि थुरिंजियाकडचं अर्धं गाव पूर्व जर्मनीत, बव्हेरियाकडचं अर्धं पश्चिम जर्मनीत गेलं. 1952 मध्ये पूर्वेकडच्या सरकारने लाकडी फळ्यांचं कुंपण घातलं आणि 1966 मध्ये थेट काँक्रीटची भिंत बांधली: 700 मीटर लांब, 3.3 मीटर उंच. पन्नास माणसांच्या गावाला! अमेरिकन सैनिक याला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे. पश्चिमेकडून कुणी हात हलवला तरी पूर्वेकडच्यांनी उलट हात हलवायचा नाही, असा नियम होता. समोरच्या घरात सख्खे नातेवाईक असले तरी. मला भिंतीपेक्षा हेच जास्त भयंकर वाटलं.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला उघडली, हे सगळ्यांना पाठ असतं. इथे पायी जाण्यापुरती वाट मिळायला 9 डिसेंबर उजाडला. पुढच्या जूनमध्ये बुलडोझर आला, पण गावाने सगळी भिंत पाडू दिली नाही. साधारण 100 मीटर भिंत आणि टेहळणीचा मनोरा तसाच ठेवलाय, तेच आता उघड्यावरचं संग्रहालय आहे. भिंतीच्या अगदी खाली जाऊन उभे राहा, फोटोत तिची उंची कळत नाही.

आणि हद्द? ती अजून आहे. ओढ्याच्या अलीकडे बव्हेरिया, पलीकडे थुरिंजिया. पिनकोड वेगळा, फोनचा कोड वेगळा, महापौरही वेगळा. बव्हेरियाच्या बाजूला एका आजींना मी ‘गुटेन टाग’ म्हणालो. आजींनी उत्तर दिलं ते ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे खास बव्हेरियातला नमस्कार, तेही जरा ठासून.