‘शकतो’ला दर वेळी ‘कॅन’ नको

प्रश्न असा आहे: ‘उद्या पाऊस पडू शकतो’ याचं इंग्रजी ‘इट कॅन रेन टुमॉरो’ केलं तर चूक का? आणि परवानगी मागताना ‘कॅन आय’ म्हणणं असभ्य आहे का?

पहिली चूक आपल्याकडून होते ती ‘शकणे’मुळे. ते कुवतीलाही चालतं आणि अंदाजालाही. ‘कॅन’ हे एरवी काय घडतं ते सांगतं. ‘महाबळेश्वर कॅन बी व्हेरी कोल्ड इन डिसेंबर’ हे बरोबर, कारण तिथे अधूनमधून तशी थंडी पडतेच. एखाद्या ठरावीक प्रसंगाचा अंदाज बांधायचा असेल, तर ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘इट कुड रेन टुमॉरो’ मधल्या ‘कुड’चा भूतकाळाशी काही संबंध नाही.

नकारात मात्र ‘कॅन’ अंदाजालाही चालतं, आणि तिथे अर्थ पार बदलतो. ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे तो घरी असणं शक्यच नाही. ‘ही मे नॉट बी ॲट होम’ म्हणजे तो कदाचित घरी नसेल. निरोप देताना या दोहोंची अदलाबदल झाली, तर ऐकणारा उगाच माघारी जाईल.

‘शकलो’चंही तसंच. ‘काल शेवटची लोकल पकडू शकलो’ याला ‘आय कुड कॅच’ नको. एकदाच साधलेल्या गोष्टीला ‘आय वॉज एबल टु कॅच’ किंवा ‘आय मॅनेज्ड टु कॅच’ हवं. पकडता आली नाही, तर ‘कुडन्ट’ बिनदिक्कत वापरा.

आता परवानगी. ‘मे आय’ जास्त औपचारिक आहे, पण ‘कॅन आय’ रोजच्या इंग्रजीत सर्रास चालतं आणि त्यात उद्धटपणा नाही. ‘कॅन फक्त कुवतीसाठी’ या शाळेतल्या नियमाला व्युत्पत्तीचाही आधार नाही: जुन्या इंग्रजीत ‘कॅन’चं मूळ ‘जाणणे’ या अर्थाचं होतं, आणि सामर्थ्याचा अर्थ ‘मे’च्या मुळाकडे होता! (मराठीत तर ‘आत येऊ का?’ एवढं पुरतं. ‘मी आत येऊ शकतो का?’ हे माझ्या कानाला अजूनही परकंच वाटतं.)

मदत मागताना मात्र ‘मे यू हेल्प मी’ चूक. तिथे ‘कॅन यू’, किंवा अधिक अदबीने ‘कुड यू’. आणि कुणी ‘कुड आय सिट हिअर?’ विचारलं, तर उत्तर ‘येस, यू कॅन’. ‘कुड’ने परवानगी मागता येते, देता येत नाही.