पंचचं कोटिंग सोलतंय? आधी टेम्परिंगचा आकडा मागा

डी-टू या टूल स्टीलच्या पंचवर (पत्रा कापणारं हत्यार) टायटॅनियम नायट्राइडचं कडक कोटिंग करून घेतलं, आठवड्यात कडा सोलल्या, कडकपणा रॉकवेल सी मापात 57 दाखवतंय आणि कोटिंगवाले स्टीलला नावं ठेवताहेत, हे तुमचं वाचलं. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहत) आम्ही हेच भोगलंय.

57 हा आकडा खालच्या पोलादाचाच आहे. रॉकवेल सी मध्ये 60 कडकपणाच्या जॉबला मोजणीचं हिऱ्याचं टोक 80 मायक्रॉन आत जातं. तीन-चार मायक्रॉनचा थर त्याला जाणवतही नाही. म्हणजे तुमचा पंच कोटिंगच्या भट्टीत मऊ पडलाय. हे कोटिंग साधारण 450 अंशांना चढतं. डी-टू 200 अंशांना टेम्पर (हार्डनिंगनंतर ठरावीक तापमानाला परत तापवणं) केलेलं असेल तर 60-61 वरून ते उतरणारच, वर मापही हलतं. मग वरचा थर कितीही कडक असो, गादीवर काच ठेवून पाय दिल्यासारखा तडकतो.

आमच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनी सर्टिफिकेटवर फक्त कडकपणा लिहिला होता. टेम्परिंगचं तापमान विचारलं तर उत्तर, "ते आमचं अंतर्गत आहे." आणि कोटिंग सेंटरने ते विचारलंही नाही, जॉब घेतला, बिल लावलं. डायचा अख्खा सेट भंगारात गेला आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. अजून राग येतो. भट्टीचा आकडा हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे; जो लेखी देत नाही त्याच्याकडे जॉब टाकू नका, दर कितीही कमी असो.

नवीन पंच करताना ऑर्डरवरच लिहा: हार्डनिंग वरच्या तापमानाला, टेम्परिंग 510-520 ला, किमान दोनदा. तरीही 60 च्या आसपास मिळतं आणि कोटिंगमध्ये टिकतं. हायस्पीड स्टीलला ही भीती नाही, ते मुळातच 550 च्या आसपास टेम्पर होतं.

वायरकटने (तारेच्या विद्युत ठिणगीने) कापलेला पंच असेल तर वरचा वितळून थिजलेला पांढरा थर पॉलिश करून काढा, नाहीतर कोटिंग त्याच्यासकट निघतं.

मी थंड पत्र्याच्या कामाबद्दल सांगतोय. तापलेल्या धातूच्या फोर्जिंगच्या डायला हे जसंच्या तसं लावू नका. आणि धार लावल्यावर तोंडावरचं कोटिंग गेलं म्हणून लगेच नवं कोटिंग करायला धावू नका. बाजूंवरचं शाबूत असतं आणि पत्रा घासतो तो मुख्यतः तिथेच.