तिसऱ्या इंजेक्शनची तारीख

देवगडच्या एका बागायतदारांचं पत्र आलंय. वय 67. मुंबईच्या एका क्लिनिकने ‘शरीराचं वय दहा वर्षांनी मागे जाईल, गुडघेही सुधारतील’ असं सांगून स्टेम सेलची (मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं दिली आणि 3 लाख 60 हजार रुपये घेतले. गुडघे होते तसेच. पैसे परत मिळतील का, असं ते विचारतात. अशी पत्रं आता कणकवली, राजापुरातूनही येतात.

काका, फसवणुकीबद्दल तुम्ही तीन पानं लिहिलीत. मला हवं होतं ते शेवटच्या ओळीत सापडलं: तिसरं इंजेक्शन दोन वर्षांपूर्वी, 18 जुलैला. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीची मुदत दोन वर्षं. आज 9 जून.

‘आंबा उतरू दे, मग बघू’ म्हणत तुम्ही दोन हंगाम घालवलेत, याचा मला खरंच राग येतो. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवत राहिल्याने मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. क्लिनिकने मार्चमध्ये पैसे द्यायला नकार दिला, तिथून मुदत मोजा, असं ग्राहक आयोगापुढे म्हणता येईल. पण त्या भरवशावर राहू नका. उशीर माफ करायला सबळ कारण लागतं, आणि आंब्याची तोडणी हे कारण आयोगाला पटेल असं मला वाटत नाही.

‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ या छापील ओळीला घाबरलात, ते उगाच. कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयी ओरोसला, तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

पावतीचा फोटो पाहिला. थर्मल कागद, रक्कम दिसते, महिना जवळपास उडालाय, आणि उपचाराच्या जागी नुसतं ‘वेलनेस पॅकेज’. आजच झेरॉक्स काढा, बँकेचा उतारा घ्या. केसपेपर स्पीड पोस्टने लेखी मागा. मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तुमची बाजू बरी आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीतच वापरता येतात. तारुण्य परत आणायला तर नाहीच. तुम्ही संमतीपत्रावर सही केलीत, असं ते म्हणतील. पण पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती वैध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय. भरपाई किती मिळेल, ते आत्ता सांगता येणार नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला तारखांवर तारखा देणं मला अन्याय वाटतो.

म्हणून तक्रार जूनमध्येच दाखल करू. याच आठवड्यात कागद घेऊन या. पाऊस आहे, मूळ पावती प्लास्टिकच्या पिशवीत घाला.