थायलंडला शिकवायला जायचंय? आधी कागद

बी.ए. इंग्रजी झालंय, एजंट म्हणतो टुरिस्ट म्हणून ये, वर्क परमिटचं तिथे बघू, तर निघू का, असं तू विचारलंयस. निघू नकोस. मी अशीच गेले होते. शाळेने चार महिने कागद हलवलेच नाहीत, शेवटच्या महिन्याचा पगार बुडाला, आणि तक्रार करायलाही तोंड नव्हतं, कारण सरकारदरबारी मी तिथे शिकवतच नव्हते. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर 5,000 ते 50,000 बाट दंड होतो, वर परत पाठवणी.

पदवीच्या प्रमाणपत्रावर राज्य सरकारचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं आणि थाई वकिलातीचं साक्षांकन घे. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळेल. शाळेची पत्रं हातात आली की नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काढायचा. बी.एड. नसेल तर तिथल्या शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसपाची, तात्पुरती परवानगी शाळा मिळवते. आपली मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून टोईक या इंग्रजीच्या परीक्षेत 600 गुण मागतात. ती परीक्षा इथूनच देऊन जा.

पगाराचंही स्पष्ट सांगते. माझ्याच वर्गांना शिकवणाऱ्या ब्रिटिश सहकाऱ्याला माझ्यापेक्षा बराच जास्त होता. मला ते तेव्हाही लागलं, आजही लागतं. पण वर्गात आपण कुठे कमी पडत नाही. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी 'स' किंवा 'ल' उच्चारत नाहीत, त्यामुळे मुलं बसला 'बत' आणि फुटबॉलला 'फुतबॉन' म्हणतात. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' त्यांना सारखंच ऐकू येतं. मलाही शाळेत असताना तसंच ऐकू यायचं, कारण मराठीत एकच 'व'. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून मी तो फरक शिकले होते. पहिलीच्या मुलांना आरसा देऊन तसंच करायला लावलं. एक मुलगी आख्खा तास ओठ चावत बसली आणि सुटताना दारात वळून मला 'व्हॅन' म्हणून दाखवून गेली.

तिथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, तेव्हा दिवाळी झाली की साक्षांकनाच्या मागे लाग. करार आला की सही करण्याआधी मला दाखव. आठवड्याचे तास किती आणि एप्रिलच्या सुट्टीचा पगार आहे का, या दोन ओळी मला बघायच्या आहेत.