नौदलाच्या ताफ्यात तेलाचा टँकर कशाला लागतो?

तुमचा प्रश्न असा: गेटवेहून मांडव्याला जाताना नौदलाचं एक भलंमोठं राखाडी जहाज दिसलं, पुढे तोफ नाही, मधे उंच मनोरे. लढायच्या कामाचं नाही, तर ताफ्यात कशाला? आणि युद्धनौका बंदरात जाऊन तेल का भरत नाहीत?

मुंबईत पाहिलंत म्हणजे बहुधा आयएनएस दीपक. १७५ मीटर लांब, २७,५०० टनांचा टँकर, इटलीत बांधलेला, २०११ साली ताफ्यात आला. मी नौदलात खलाशी होतो आणि बराच काळ टँकरवर काढलाय, तेव्हा थोडा पक्षपात होणार, समजून घ्या.

आधी हिशेब बघा. तलवार वर्गातली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १४ नॉटच्या (ताशी १४ सागरी मैल) चालीने साडेचार हजार सागरी मैलांच्या वर जाते. तीच ३० नॉटने पळवली तर १,६०० मैलांच्या आसपास टाक्या कोरड्या. एडनच्या आखातात गस्त घालणारं जहाज दर वेळी तेलाला मुंबईला यायला लागलं तर गस्त कधी घालणार? परक्या बंदरात जायचं तर परवानगी आली, पैसे आले, आणि जहाज कुठे आहे ते सगळ्यांना कळलं.

म्हणून तेल चालत्या जहाजावरच देतात. टँकर दिशा आणि वेग पक्का धरून चालतो, साधारण १२-१४ नॉट. गिऱ्हाईक मागून येऊन त्याच्या बाजूला लागतं, मधे जेमतेम चाळीस-पन्नास मीटर पाणी. शिट्टी होते, डेकवरची माणसं आडोशाला जातात आणि बंदुकीतून बारीक दोरी पलीकडे उडते. तिच्यामागून जाड दोरी, मग पोलादी तार, आणि तारेला लटकत काळा होज, म्हणजे तेलाचा जाड नळ. होजचं टोक पलीकडच्या तोंडात खट्कन बसलं की पंप सुरू. दीपक ताशी १,५०० टनांपर्यंत तेल देऊ शकते. या सगळ्या वेळात दोन जहाजांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढत असतं. सुकाणूवरचा गडी अंशाअंशाने जहाज सांभाळतो, ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतल्या, अधिकाऱ्याची नजर रंगीत बावटे लावलेल्या अंतर-दोरीवर. इंजिनाने किंवा सुकाणूने दगा दिला तर होज सोडून तडक बाजूला व्हायचं, त्याची रंगीत तालीम इतकी करून घेतात की झोपेतही जमावी. रात्री हेच सगळं, फक्त मिणमिणत्या दिव्यांवर.

लढायच्या कामाचं नाही म्हणालात, तर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला फार तोकडा होता. त्या मोहिमेत पोशक हा टँकर सोबत होता. निपात, निर्घात, वीर ही नावं पुष्कळांना पाठ असतात, पोशक कुणाला आठवत नाही. शांततेतही टँकर कामी येतो: डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले पाण्यावाचून अडली, तेव्हा दीपक मुंबईहून शेकडो टन गोडं पाणी घेऊन गेली होती.

बाकी पुरवठ्याची साखळी किनाऱ्यावरच सुरू होते. सुट्या भागांचं मोठं भांडार घाटकोपरला आहे, दारूगोळ्याचं कोठार उरणजवळ करंजाला. दारूगोळा जहाजापर्यंत नेणाऱ्या अलीकडच्या काही बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू होड्या) ठाण्याच्या एका लहान कंपनीने बांधल्यात. लाँचमधून त्या दिसल्या तर कुणी वळूनही बघत नाही.

माझी तक्रार एकच. एवढ्या नौदलाला मोठे टँकर चारच: ज्योती, आदित्य, दीपक, शक्ती. त्यातली ज्योती १९९६ ची. एक गोदीत दुरुस्तीला गेला की उरलेल्या तिघांवर दोन समुद्र. अमेरिकेशी २०१६ मध्ये एकमेकांना तेल-रसद देण्याचा करार झाला, त्यामुळे २०२० साली अरबी समुद्रात आपल्या तलवार या फ्रिगेटने अमेरिकी टँकर युकॉनकडून तेल घेतलं. सोय चांगली आहे, पण युद्धात दुसऱ्याच्या टँकरच्या भरवशावर राहता येत नाही. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डला ४४,००० टनांच्या पाच नव्या पुरवठा जहाजांचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये दिलंय. माझ्या मते ते दहा वर्षं आधी द्यायला हवं होतं.

आणि तोफेचं म्हणाल तर दीपकवर जवळच्या बचावापुरत्या एके-६३० या झटपट मारा करणाऱ्या लहान तोफा आहेत. बाकी राखण बरोबरच्या युद्धनौकांनी करायची, कारण शत्रूची पाणबुडी आधी शोधते ती टँकरलाच.